डॉक्टरबाईंचे दहा शब्द

ता. ३ जुलै

प्रिय ठोंब्या,

नव्या पत्त्याचं कार्ड मिळालं. पत्ता लिहिलास, बाकी कार्ड कोरं. 'पोचलो, जेवलो' एवढं तरी त्यात मावलं असतं. तू फोन करतोस हे खरं, पण फोल्डिंग मशीनपाशी वीस वर्षं उभं राहून माझा एक कान गेला, आणि उरलेल्या कानात तू "हो, हो, बरंय" एवढंच ओततोस. तेव्हा या वर्षीही पत्रच लिही. महिन्याला एक. पत्र मला पुन्हा वाचता येतं.

तुझा रग्बीतला हा नववा हंगाम आणि तिसरा क्लब. करार एका वर्षाचा आहे हे तू दारातून निघताना पुटपुटलास. तुला वाटलं मला ऐकू गेलं नाही. गेलं. एकोणतिसाव्या वर्षी तुझ्या बाबांना बाइंडिंगच्या कारखान्यात कायम केलं होतं. तुला एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लावतात. असो. तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही. मान शेकत जा.

इथे सगळं आहे तसं आहे. या महिन्यात बाबांना जाऊन चार वर्षं होतील. त्यांची खुर्ची खिडकीपाशीच आहे. शेजारीण म्हणाली, "कुणी बसत नाही तर काढून टाका की, जागा होईल." मी म्हटलं, जागा करून मी काय करू?

कारखान्यात सध्या शाळेच्या वह्या चालू आहेत. त्यांत वाचायला काही नसतं, त्यामुळे दिवस लांब जातो.

जेवत जा.

तुझी आई

ता. १४ जुलै

आई,

वाकून नमस्कार. गुडघा वाकू देतो तेवढाच वाकून.

खोली बरी आहे. दोन पलंग, एक कपाट, खिडकीतून सरावाचं मैदान दिसतं. दुसऱ्या पलंगावर सुतार. त्याला सगळे सुतारच म्हणतात, खेळायला लागायच्या आधी तो दारं-खिडक्या बनवायचा. वय चौतीस, दोन्ही कान भज्यासारखे, आणि झोपेत घोरतो की करवत चालवतो ते कळत नाही. माणूस सोन्यासारखा. पुढच्या फळीत माझ्या शेजारी तोच असतो, म्हणजे दिवसाही त्याचा खांदा आणि रात्रीही त्याचंच घोरणं.

सकाळी वजन, मग मैदान, मग जेवण, मग पुन्हा मैदान. प्रशिक्षक कमी बोलतात. करारांचा निर्णय डिसेंबरमधल्या मोठ्या मॅचनंतर होणार. चांगला खेळलो तर दोन वर्षं मिळतील, असं कानावर आलंय.

एक काम आहे तुझ्याकडे. इथे क्लबच्या डॉक्टरबाई पाठांतराची परीक्षा घेतात. दहा शब्द वाचून दाखवतात, ते लगेच परत म्हणायचे. मग इकडचं तिकडचं विचारतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच दहा शब्द विचारतात. गेल्या आठवड्यात मला चारच आले. बाई नुसत्या लिहून घेत होत्या, हसल्यासुद्धा नाहीत. याद्या चारच आहेत, फिरून फिरून त्याच येतात. सुताराने ऐकून ऐकून वहीत उतरवल्यात. त्या सोबत पाठवतोय. तू फाटक्या पुस्तकांची पानं लावताना करायचीस तशी गोष्ट करून दे ना प्रत्येक यादीची. तुझी गोष्ट मला विसरता येत नाही. कोंबडीने चष्मा घातलेली ती गोष्ट अजून येते मला.

तुझा
ठोंब्या

ता. २२ जुलै

प्रिय ठोंब्या,

चारच? अरे, तू पाढे म्हणायला लागलास की तुझे बाबा "पुरे" म्हणेपर्यंत थांबत नव्हतास. मैदानावर डोकं बाहेर काढून ठेवतोस की काय?

पण तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं, हेही लिहिते. तुझ्या कामात माझा उपयोग व्हायची वेळ कधी आली नव्हती. मी कारखान्यात लागले तेव्हा मला वाचता येत नव्हतं हे तुला माहीतच आहे. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं यायची, पानांचे कोपरे गेलेले, आकडे गेलेले. एकदा पानं हातातून सुटली की क्रम गेला. म्हणून मी उसवायच्या आधी प्रत्येक पानावरची एक खूण धरायचे, शाईचा डाग, कोंबडीचं चित्र, कुणाचा तरी चष्मा, आणि त्यांची गोष्ट जुळवायचे. पुढे अक्षरं आली तरी ती सवय राहिली.

पहिल्या यादीची अशी केली. भिंतीत खिळा. खिळ्याला टांगली उशी. उशीत कापूस नाही, गाढव. गाढव बाहेर आलं तर त्याच्या तोंडात कंदील. कंदिलाच्या उजेडात दिसली शिडी. शिडी चढून गेलं तर वर टोपी. टोपीत हात घातला (गाढवाला हात नसतो हे मला कळतं, तू वाद घालू नकोस) तर निघाला साबण. साबण निसटून आपटला घंटेवर, घंटेच्या आवाजाने पडलं लिंबू, आणि लिंबू गडगडत गेलं पुलावर. झाले दहा.

बाकीच्या तीन मागच्या पानावर आहेत. तिसरी जरा कठीण गेली, त्यात 'सावली' आहे आणि सावलीला धरायला काही मिळत नाही. रोज दात घासताना म्हण. डॉक्टरबाईंना दहाच्या दहा म्हणून दाखव आणि त्या हसतात का ते मला कळव.

तुझी आई

ता. २४ ऑगस्ट

आई,

तुझं गाढव धावत आलं! परवा सरावात जरा धक्का लागला, बाईंनी पहिलीच यादी विचारली, आणि मी खिळ्यापासून पुलापर्यंत घडाघडा. बाई म्हणाल्या, "जुलैपेक्षा खूपच चांगलं." हसल्या नाहीत, पण भुवया वर केल्या. सुतार म्हणतो, "काकूंना आपल्या टीममध्येच घेऊ या." त्यालाही मी गाढव शिकवलंय.

शनिवारी पहिली मॅच झाली, आपण जिंकलो. स्क्रममध्ये समोरचे तीन वेळा मागे सरकले. आई, पाठीमागून पाच जणांचं वजन येतं, समोरून आठ जणांचं, आणि तरी पाय एक इंच पुढे जातो, तो इंच काय असतो ते मला सांगता येत नाही. बाबांना कळायचं. ते कडेला उभे राहून स्वतःच ढकलत असायचे, शेजारच्याला.

ठोंब्या

ता. २७ सप्टेंबर, रविवार

प्रिय ठोंब्या,

काल मालकांनी ऑफिसातला टीव्ही माझ्यासाठी लावला. शनिवारी अर्धाच दिवस असतो, पण चार जणी थांबल्या. "तुमचा कोणता हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, ज्याला मान नाही तो.

अर्ध्या तासाने तू त्या उंच माणसाचे पाय धरायला गेलास आणि त्याचा गुडघा तुझ्या कानापाशी लागला. तू पडलास. पडल्यावर तुझा एक हात वर राहिला, ताठ, हवेत. आपला हात वर आहे हे तुला ठाऊक नसल्यासारखा. मी मालकांचं टेबल धरलं होतं. मग तू उठलास, एक बाई तुला आत घेऊन गेली, त्याच डॉक्टरबाई असतील. दहा-बारा मिनिटांनी तू परत धावत आलास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. डॉक्टरांनी बघून पाठवलं म्हणजे काही लागलं नसणार, असं मालक म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

पण तो हात मला दिसत राहतो. कसा आहेस ते लगेच कळव.

तुझी आई

ता. ९ ऑक्टोबर

आई,

काही झालेलं नाही. टीव्हीवर सगळं मोठं दिसतं. हाताचं म्हणशील तर दचकल्यावर होतो तसा. बाईंनी आत नेऊन दुसरी यादी विचारली, तुझा छत्रीवाला म्हातारा, दहापैकी नऊ. महिने उलटे म्हणून घेतले, एका पायावर उभं केलं आणि पाठवलं परत. रोजचंच आहे.

सुताराने खोलीत नवी किटली आणलीय. शिट्टी वाजते ती. वाजली की खालच्या मजल्यावरचे ओरडतात. आता सकाळी चहासाठी खाली जावं लागत नाही.

मॅच जिंकलो. प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारली. ते सहसा मारत नाहीत. डिसेंबरपर्यंत असंच चाललं तर काम झालं समज.

थंडी सुरू झालीय. रात्री झोप नीट लागत नाही, पण ते घोरण्यामुळे. आणि हो, सांगायचं राहिलं, सुताराने नवी किटली आणलीय, शिट्टीची. वाजली की खालचे ओरडतात. सकाळी चहाला खाली जावं लागत नाही आता.

ठोंब्या

ता. १८ ऑक्टोबर

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. किटली त्यात दोनदा आहे.

घाईत होतं असं, मीही कधी दोनदा मीठ घालते. पण तू पहिल्या वेळी लिहिलंस ते दुसऱ्या वेळी तुला माहीत नव्हतं असं वाटलं. तुझ्या ओळीही खाली उतरत गेल्यात. शेवटची ओळ कागदाच्या कोपऱ्यात जाऊन पडलीय.

आणखी एक विचारते, सरळ उत्तर दे. ती पाठांतराची परीक्षा तुला पडल्यानंतरच का घेतात? मला वाटत होतं ती शाळेसारखी असते, सगळ्यांना एका दिवशी. ऑगस्टमध्ये धक्का लागला तेव्हा घेतली, आता गुडघा लागला तेव्हा घेतली. मग ती पाठांतराची परीक्षा कशी? तो तर तुझ्या डोक्याला बरं आहे का हे विचारण्याचा प्रकार झाला. मला काही कळत नसेल तर तसं सांग, पण सांग.

तुझी आई

ता. ४ नोव्हेंबर

आई,

बोट दुखावलंय म्हणून सुताराकडून लिहून घेतोय. अक्षर त्याचं, मजकूर माझा. तू नको तिथे डोकं चालवतेस. परीक्षा ती परीक्षाच. मी बरा आहे. शनिवारी पुन्हा खेळलो. खेळू दिलं यावरूनच समज.

ठोंब्या

काकू, नमस्कार. हे खालचं माझं, त्याला दाखवत नाही. उगाच काळजी करू नका, आमच्यात असं चालतंच. परवा तर त्याने मजाच केली. परतीच्या बसमध्ये त्याने मला तीनदा विचारलं, "आपण जिंकलो का रे?" तिन्ही वेळा मी वेगळं उत्तर दिलं आणि तिन्ही वेळा त्याने मान डोलावली! सगळी बस हसत होती. दोन दिवस पडदे ओढून पडला होता, आता ठीक आहे. तुमचं गाढव फार कामाचं निघालं, त्या दिवशी आम्हा दोघांनाही तारलं. आपला, सुतार.

ता. १७ नोव्हेंबर

ठोंब्या,

हे पत्र तू एकट्याने वाच.

दर वर्षी या सुमाराला हॉस्पिटलच्या ग्रंथालयातून वर्षभराचे अंक बांधायला येतात. दर वर्षी मी ते शिवते आणि त्यातलं काही वाचत नाही, शब्द अवघड असतात आणि चित्रं बघवत नाहीत. या वेळी एका अंकावर डोक्याचं चित्र होतं. आत मैदानावर पडलेल्या खेळाडूचा फोटो होता आणि त्याचा एक हात हवेत ताठ होता.

मी तो अंक तीन दिवस शिवला नाही. मालकांना म्हटलं, याला उशीर होईल. अडलेले शब्द त्यांना विचारत विचारत वाचला. ते म्हणाले, "बाई, आज काय डॉक्टर व्हायचा विचार आहे का?"

त्यात लिहिलंय की असा मार बाहेरून दिसत नाही. रक्त येत नाही, हाड मोडत नाही. म्हणून खेळाडूला दहा शब्द विचारतात. शब्द अडकले की डॉक्टरला कळतं आत लागलंय, आणि ती त्याला बाहेर बसवते. कारण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर माणूस दगावू शकतो. आणि वारंवार बसत राहिला तर वय व्हायच्या आधी आठवण जायला लागते, स्वभाव बदलतो. पुढे असंही लिहिलंय की काही खेळाडू हंगामाच्या आधीच्या चाचणीत मुद्दाम चुका करतात, म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी आकडे पहिल्यासारखेच दिसतात.

तुला जुलैत चारच आले होते. पाढ्यांना न थांबणाऱ्या मुलाला चारच.

डॉक्टरबाई तुझ्या डोक्याला प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर मी देत होते. इथे बसून, गाढवाला हात लावून, हसत हसत. तू पडलास तेव्हा त्यांच्यापुढे तू नव्हतासच, माझी गोष्ट होती. त्यांनी माझ्या गोष्टीला बरं ठरवलं आणि तुला मैदानात पाठवलं. मी टाळ्या वाजवल्या.

तुझे बाबा दोन वर्षं थोडे थोडे जात होते, आणि रोज सकाळी "आज बरं वाटतंय" म्हणायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोपं होतं. पुन्हा तसं करणार नाही.

तू स्वतः बाईंकडे जा आणि सगळं सांग. याद्या, गोष्टी, जुलैचे चार. तू सांगितलंस तर त्याला मोठेपणा आहे. पाच डिसेंबरपर्यंत वाट बघते. त्यानंतर मी सांगेन.

आई

ता. २५ नोव्हेंबर

आई,

हो. जुलैत मुद्दाम चुकलो. सगळे चुकतात. सुतार नऊ वर्षं चुकतोय. तू एक अंक वाचलास आणि तुला आमचा सगळा धंदा कळला?

मला काय येतं, सांग. शाळा मी सोडली. बाबांचा कारखाना मला नको होता. मला येतं ते एवढंच, डोकं खाली घालून ढकलायचं. बारा डिसेंबरला मॅच आहे. ती खेळलो तर दोन वर्षांचा कागद माझ्या हातात. दोन वर्षं, आई. मग मी स्वतःच सोडीन, शपथ. आता बाईंना सांगितलं तर त्या मला आठवडे बसवतील, आणि डोक्याचा माणूस म्हणून शिक्का बसला की पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. तिशीत आलेले, मान आखडलेले पुढच्या फळीवाले पैशाला पासरी मिळतात.

डोकं दुखतं, मान्य. उजेड खुपतो. लोकांच्या हातांना कोयते लागतात, पाठी जातात, तेही कामावर जातातच ना? बाबा छातीत घरघर असताना कटिंग मशीनवर उभे राहिले नव्हते का?

मी ते सगळं तुला लिहिलं ते तू माझी आई म्हणून. तू त्या बाईंना कळवलंस तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. मी वाचणार नाही.

ता. १ डिसेंबर

क्लबच्या डॉक्टरबाईंना नमस्कार.

तुमच्या पुढच्या फळीत ज्याला सगळे ठोंब्या म्हणतात त्याची मी आई. मी पुस्तकं बांधते. मला शुद्ध लिहायची फार सवय नाही, तरी गैरसमज होऊ नये इतकं स्पष्ट लिहिते.

तुम्ही जे दहा शब्द विचारता त्यांच्या चारही याद्या माझ्याकडे आहेत. मी त्यांच्या गोष्टी करून माझ्या मुलाला पाठ करून दिल्या. त्या या पत्रासोबत जोडल्यात, म्हणजे तुमची खात्री पटेल. जुलैमध्ये तो तुमच्यापुढे मुद्दाम चुकला. सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला त्याच्या कानापाशी गुडघा लागला तेव्हा त्याने तुम्हाला जे नऊ शब्द सांगितले ते माझे होते. एकतीस ऑक्टोबरला त्याला पुन्हा लागलं. त्या दिवशी मॅच जिंकली की हरली हे त्याला बसमध्ये आठवत नव्हतं. तो अंधारात पडून राहतो. पत्रात एकच गोष्ट दोनदा लिहितो आणि त्याला कळत नाही.

मी ते शब्द कशासाठी आहेत हे न विचारता केलं. मला कुणी विचारलं याचाच आनंद झाला होता. त्याची चूक असेल ती असेल, ही माझी.

तो बारा तारखेला खेळणार आहे. त्याआधी त्याला नवे शब्द विचारा. मी कधी न पाहिलेले.

हे त्याला न सांगता लिहीत नाही. मी लिहिणार हे त्याला माहीत आहे आणि त्याने मला मना केलंय. तुम्ही माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

ता. ९ डिसेंबर

स. न.

तुमचं पत्र मिळालं. तुमचा मुलगा सज्ञान आहे. त्याच्या प्रकृतीबद्दल त्याच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला एक अक्षरही सांगू शकत नाही, आणि परवानगी त्याने दिलेली नाही. पण तुम्ही मला जे सांगितलंत ते मी ऐकू शकते, आणि ऐकलं आहे.

त्या चारही याद्या मी आज रद्द केल्या. आमच्या कामात शब्द वर्षानुवर्षं तेच राहिले, ही हलगर्जी आमची. सप्टेंबरमध्ये ऐकताना शब्द जरा जास्तच सुरात येताहेत असं मला वाटलं होतं. त्याच वेळी थांबायला हवं होतं.

तुमच्या गोष्टी परत पाठवत नाही, नोंदीत ठेवल्या आहेत.

डॉक्टर

ता. १३ डिसेंबर

प्रिय ठोंब्या,

काल टीव्हीवर तू दिसला नाहीस. खेळाडू रांगेत उभे राहिले तेव्हा मी मोजले. सुताराच्या शेजारी दुसराच कुणी होता, मान असलेला. तेव्हा मला कळलं, आणि मी उठून घरी आले. मॅच कोण जिंकलं ते मालकांनी सोमवारी सांगायचं कबूल केलंय.

तू वाचणार नाहीस म्हणालास. तरी लिहिते.

मला वाईट वाटतं, पण मी चूक केली असं वाटत नाही. दोन्ही एका वेळी वाटतं. घरात तुझा पलंग घातलाय, खिडकीला जाड कापड लावलंय. कधीही ये.

आई

ता. १० जानेवारी

प्रिय ठोंब्या,

चार आठवडे झाले. फोन उचलत नाहीस. क्लबच्या नंबरवर केला तर पलीकडचा माणूस काय बोलला ते मला ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. फक्त एवढं लिही की डोळे उघडून चालतोयस. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल. त्याच्यावर पत्ता तुझ्या हाताने लिही, म्हणजे ओळ सरळ जाते का ते मला दिसेल.

आई

ता. १६ फेब्रुवारी

आई,

हे पत्र पाच दिवसांत लिहितोय. बाईंनी रोज पंधरा मिनिटं लिहायला दिलीत, तेवढ्यात डोकं ठणकायला लागतं.

नव्या शब्दांपैकी मला तीन आले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा एक. तो एकसुद्धा मी अंदाजाने म्हटला. बाईंनी वही मिटली आणि पहिल्यांदा हसल्या, पण ते हसणं बघवलं नाही. हंगाम संपला, करार संपला. दोन वर्षांचा कागद त्या मान असलेल्याला मिळाला. बाई म्हणतात सुधारेल. किती, ते म्हणत नाहीत. पुन्हा खेळायचं नाही, हे मात्र पटकन म्हणाल्या.

सुतार माझ्याशी बोलत नाही. याद्या गेल्यामुळे सगळी टीम तुझ्या नावाने बोटं मोडते. किटली घेऊन तो दुसऱ्या खोलीत गेला.

मी अजून रागावलेलो आहे. आणि तुझी पत्रं मी फाडून टाकली, त्यामुळे बघून लिहीत नाहीये, सगळं पाठ आहे. तू सतरा नोव्हेंबरला लिहिलंस, पाच डिसेंबरपर्यंत थांबते. आणि एक तारखेलाच बाईंना कळवलंस, त्यांनी तुझं पत्र मला दाखवलं. चार दिवस कमी दिलेस. मला न विचारता सुताराचं बसमधलं त्यांना सांगितलंस, त्याने ते तुला विश्वासाने लिहिलं होतं. मालकांच्या घरी बसून चार बायकांसमोर माझी मॅच बघितलीस आणि टाळ्या वाजवल्यास, आणि नंतर त्याच टाळ्या माझ्या अंगावर फेकल्यास. बाबांना मध्ये आणलंस. 'मोठेपणा आहे' असं लिहिलंस, जसं काही मी सहावीत आहे. यातलं एकही मी विसरणार नाही.

पंचवीस तारखेला येतोय, दुपारच्या गाडीने. उन्हातून येताना त्रास होतो म्हणून काळा चष्मा असेल. राग गेला असं समजू नकोस.

ठोंब्या

ता. २१ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. मशीन बंद केलं आणि उभ्याने वाचलं. ओळी सरळ आहेत. शेवटच्या दिवसाच्या थोड्या उतरल्यात.

माझे गुन्हे लिहिलेस ते मी घरी येऊन कॅलेंडर काढून ताडून पाहिले. सतरा नोव्हेंबर, बरोबर. पाच डिसेंबर, बरोबर. एक तारीख, बरोबर, आणि चार दिवस कमी हेही बरोबर. सुताराचं मी सांगायला नको होतं, त्याची माफी मी मागेन. चार बायका होत्या, टाळ्या वाजवल्या. फक्त मॅच मी मालकांच्या घरी नाही, ऑफिसात पाहिली होती. ते एक चुकलं. रागात कुणाचंही चुकेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी तो शब्द पुन्हा पुन्हा पाहिला. आता बहुतेक मी तुझा प्रत्येक शब्द असाच तपासणार. त्याचाही तुला राग येईल.

पण ठोंब्या, तीन महिने झाले आणि तू तारीखवार रागावलेला आहेस. कागद समोर न ठेवता. 'मोठेपणा' हा माझा शब्दसुद्धा तुझ्याकडे आहे. तुझे बाबा शेवटी माझ्यावर रागवायचं विसरले होते. सगळ्याला हो म्हणायचे. ते मला फार जड गेलं.

तेव्हा राग घरी घेऊन ये. वाटेत कमी होऊ देऊ नकोस. चष्मा घाल, सावकाश उतर, आणि दारात आलास की आधी भांड. मग रोज सकाळी एकदा भांड. जोवर तू माझी एकेक चूक मला मोजून दाखवशील, तोवर मी निवांत ऐकत बसेन. ज्या दिवशी म्हणशील, "जाऊ दे आई, कशावरून भांडत होतो तेच आठवत नाही", त्या दिवशी मात्र मला धडकी भरेल.

तुझी
आई